चराच्या दोन बाजू

कृष्णनाथ चोडणकरला खाणीवर सगळे 'चौकशी खिडकी' म्हणायचे. चेष्टेनेच म्हणायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. डिचोलीजवळच्या लोहखनिजाच्या खाणीवर तो पोकलेन चालवायचा आणि दिवसभर केबिनमध्ये बसून त्याला प्रश्न पडायचे. वरचा थर लाल आणि खालचा पिवळा का? ही माती जपानला जाते, तर तिथे गेल्यावर तिचं नेमकं काय करतात? प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत समोरच्याची सुटका नसे. एकदा भूगर्भशास्त्राचे कोणी साहेब पाहणीला आले होते. कृष्णनाथने त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि जेवण राहिलं बाजूलाच. जाताना साहेब म्हणाले, "चोडणकर, तुम्ही या मशीनवर कसे काय येऊन पडलात?"

"मशीनवर आलो म्हणून तर हे सगळं दिसलं, साहेब."

घर मयेला. घरात आई पद्मावती आणि बायको सुमंगला. सुमंगला दोडामार्गची, बोलणं अजून माहेरचंच. दोन हजार बाराच्या पावसाळ्यानंतर गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांखाली ट्रकांच्या रांगा गंजत उभ्या राहिल्या. कृष्णनाथने चार-पाच वर्षं मिळेल ते काम केलं: कुणाचा बांध घाल, कुणाचं तळं उपस. मग त्याचा जुना फोरमन दत्ताराम, जो आधीच आफ्रिकेत पोचला होता, त्याचा फोन आला. मोझांबिक देशात उत्तरेला नवी खाण निघते आहे, मशीन जाणणारी माणसं हवी आहेत.

"आफ्रिकेत खय? दाखवा बघू," सुमंगला म्हणाली.

कृष्णनाथने मोबाइलवर नकाशा काढला. आधी गोवा दाखवला, मग बोट समुद्रावरून खाली-डावीकडे सरकवत नेलं.

"ह्यां तर आपल्याच दर्याच्या पलतडी असा!" सुमंगला म्हणाली. तिच्या आवाजात जरा धीर आला होता. दर्या एकच आहे म्हटल्यावर जागा फार परकी नसावी, असं तिला वाटलं असेल.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात कृष्णनाथ पेंबा नावाच्या बंदरात उतरला आणि तिथून गाडीने पाच-सहा तास आत गेला. प्रांताचं नाव काबो देलगादो. खाण ग्राफाइटची, म्हणजे पेन्सिलीत असतं त्या काळ्या दगडाची. इंग्रजी त्याला कामापुरतं येत होतं, पोर्तुगीज अजिबात नाही. निदान त्याची तशी समजूत होती. पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये तिथला मेकॅनिक आबिलियु मशीनखालून हात बाहेर काढून म्हणाला, "शाव्! शाव्!" कृष्णनाथने समोरच्या पान्यांकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. शाव्, म्हणजे आपली चावी, नटबोल्टची! त्याने नेमका पाना हातात दिला. आबिलियु मशीनखालून बाहेर आला आणि या नव्या माणसाकडे बघतच राहिला.

मग कृष्णनाथला वेडच लागलं. जेवणघरात जाऊन तो एकेका वस्तूवर बोट ठेवायचा. टेबल? मेझा. अरे, हे तर आमचं मेज. खिडकी? जनेला. मयेला सगळे जनेलच म्हणतात. चमचा कुल्येर, म्हणजे आईची कुलेर. पाव, बटाटा, अननस, साबण, काजू, पिंप, सगळे इथेही होते, थोडे वेगळ्या सुरात. महिनाभरात त्याच्याजवळ साठेक शब्द जमले. क्रियापद एकही नव्हतं, नुसती वस्तूंची नावं; पण त्या बळावर तो कुणाच्याही अंगणात जाऊन बसू शकायचा. त्याने सुमंगलाला फोनवर सांगितलं, "अगो, आमच्याकडे राज्य करून गेले तेच हिकडे पण होते. जाताना भांडीकुंडी मात्र दोन्हीकडे ठेवून गेले."

काजूचंही तसंच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूची म्हातारी, पसरलेली झाडं. फरक एवढाच की आपले काजू मार्च-एप्रिलात, यांचे नोव्हेंबरात. बोंडूचा, म्हणजे काजूफळाचा, रस काढायची रीतसुद्धा पेडण्यातल्या कोरगावला त्याच्या मामाकडे होती तशीच.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बातमी आली. उत्तरेला किनाऱ्यावरच्या एका गावात काही हत्यारबंद लोकांनी पोलीस चौक्यांवर हल्ला केला होता. खाणीपासून ते गाव फार लांब. कामगारांनी दोन दिवस चर्चा केली आणि सोडून दिली. पण कृष्णनाथने विषय सोडला नाही. त्याने आबिलियुला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कोण आहेत ते?"

"तिथलीच पोरं. काही बाहेरून आलेली. लोक त्यांना अल-शबाब म्हणतात."

"त्यांना काय हवंय?"

आबिलियुने हात झटकले. "धर्माचं राज्य, म्हणतात. पण जी गावं जाळतात ती त्यांच्याच धर्माची आहेत."

कृष्णनाथने मग ज्याला त्याला विचारायला सुरुवात केली. स्वयंपाकी म्हणाला, किनाऱ्यावर वायूचे साठे सापडले, मोठ्या कंपन्या आल्या, पण स्थानिक पोरांच्या हाताला काम लागलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याचं म्हणणं, हे सगळं बाहेरून येणाऱ्या प्रवचनकारांनी पेरलं. ड्रायव्हरच्या मते उत्तरेच्या एका जमातीला सत्ता मिळाली आणि किनाऱ्याच्या लोकांना काहीच मिळालं नाही, त्याचा हा राग. चार जणांची चार कारणं. कृष्णनाथला वाटायचं, यातलं एक खरं असेल. पुढे त्याला वाटायला लागलं, कदाचित चारही खरी असतील आणि ती एकमेकांत गुंतल्यावरच आग लागली असेल.

अडीच-तीन वर्षं युद्ध लांबच राहिलं. मग ते जवळ आलं, आणि आलं ते माणसांच्या पायांनी. दोन हजार वीसचा मध्य. कोरोनामुळे विमानं बंद, त्यामुळे कृष्णनाथला रजेवर घरी जाता आलं नव्हतं. एके सकाळी कामावर जाताना त्याला रस्त्याने चालत येणारी माणसं दिसली. आधी दहा-बारा, मग पन्नास, मग दुपारपर्यंत ओळ तुटेचना. बायकांच्या डोक्यावर बोचकी, पाठीला कापडात बांधलेली मुलं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. कृष्णनाथला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की एवढी हजार-दोन हजार माणसं जात आहेत आणि आवाज नुसता चपलांचा.

सरकारने त्यांच्यासाठी खाणीपासून चार किलोमीटरवर, एका गावाच्या शेजारची मोकळी जागा नेमून दिली. झुडपं, वारुळं आणि उतार. खाणीच्या व्यवस्थापनाकडे मशीन मागितली गेली आणि मशीनबरोबर कृष्णनाथ गेला.

आयुष्यभर त्याने जमिनीत खड्डे केले होते. माणसांनी राहावं म्हणून जमीन सारखी करायचं काम पहिल्यांदाच हातात आलं. नऊ दिवस लागले. आबिलियुने दोरी धरून चौकोन आखले, त्याने झुडपं उपटून जागा मोकळी केली. मग त्याने उताराकडे बघितलं. डिचोलीच्या खाणीवर एक गोष्ट तो शिकला होता: पाणी खाली येऊन त्रास देण्याआधी वरच अडवायचं. म्हणून जुनं गाव आणि ही नवी जागा यांच्या मधोमध, वरच्या अंगाने, त्याने एक लांबलचक चर खणला. दोन मीटर रुंद, पुरुषभर खोल, थेट कोरड्या नदीपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाच सुचलं.

मग तो दर रविवारी तिथे जायला लागला. मदत करायला जातो, असं सगळ्यांना वाटे. खरं म्हणजे त्याला बघायचं होतं की गाव कसं होतं. आपल्याकडची गावं तयारच मिळतात. देऊळ कुणी बांधलं, विहीर कुणी खणली, कुणाला आठवत नाही. इथे मोकळ्या मैदानातून गाव उगवताना दिसणार होतं. आधी काय येईल? त्याला वाटलं होतं दुकान. पण आधी आला एक न्हावी, आरसा झाडाला टांगून. मग एकाने सौर पॅनेल मांडून मोबाइल चार्ज करून द्यायला सुरुवात केली, आणि त्याच्याभोवती दिवसभर गर्दी, कारण हरवलेल्या माणसांचा ठावठिकाणा त्या मोबाइलमध्येच होता. मग शिंपी. हा शिंपी आपलं हातमशीन डोक्यावर घेऊन दोनशे किलोमीटर चालत आला होता.

त्यावरून कृष्णनाथला नवीन प्रश्न सुचला. भेटेल त्याला तो विचारी, "घरातून निघताना काय उचललंत?" आबिलियु भाषा फिरवून सांगे. एका कोळ्याने मासेमारीचं जाळं आणलं होतं. इथून समुद्र कुठल्या कुठे! ते जाळं त्याने काठ्यांना बांधून कोंबड्यांसाठी कुंपण केलं होतं आणि रोज संध्याकाळी त्याचे तुटलेले धागे सांधत बसायचा, जणू उद्या बोट निघणार आहे.

आंशा त्याला नोव्हेंबरात भेटली, नुकतीच येऊन पोचलेली. साठीच्या पुढची, उंच, सरळ पाठीची बाई. बरोबर मुलगी आणि दोन लहान नाती. जावयाचा पत्ता नव्हता. कृष्णनाथने नेहमीचा प्रश्न विचारला. आंशाने कंबरेचं कापड सोडलं आणि गाठीतून काजूच्या बिया काढून दाखवल्या. ओंजळभर.

"काजू," कृष्णनाथ म्हणाला.

"काजू," ती म्हणाली, आणि या परक्या माणसाच्या तोंडून आपला शब्द ऐकून तिने त्याला पहिल्यांदाच नीट बघितलं.

किनाऱ्यावरच्या गावात तिची सतरा झाडं होती. झाडांखाली वेचत असतानाच गोळ्यांचा आवाज आला आणि वेचलेलं तसंच कापडात बांधून ती पळाली. तिने सगळं सांगितलं, घाई न करता. ही पोरं एकदम आली नव्हती. काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा मशिदीत आली ती वाद घालायला. म्हाताऱ्यांची प्रार्थनेची पद्धत चूक, मुलांना शाळेत घालणं चूक. म्हाताऱ्यांनी त्यांना हाकललं आणि वर जाऊन तक्रारही केली. कुणी लक्ष दिलं नाही. "तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक होतं," आंशा म्हणाली. "परत आले तेव्हा बंदूक होती. मधल्या काळात कुणीतरी येऊन त्यांच्याशी बोलायला हवं होतं. आम्ही बोललो, पण आम्ही म्हातारे."

कृष्णनाथने तिचं शेवटचं वाक्य आबिलियुकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

पाऊस तोंडावर आला तेव्हा आंशाला बिया लावायच्या होत्या, आणि तिथेच अडलं. जुन्या गावाचा जो प्रमुख असतो त्याला तिकडे रेगुलो म्हणतात. हा रेगुलो मऊ बोलणारा, पण पक्का. त्याने नव्या लोकांना मका लावू दिला, भुईमूग लावू दिला. झाड मात्र नाही.

"का?" कृष्णनाथने आबिलियुला विचारलं.

"मका चार महिन्यांत संपतो. झाड लावणारा माणूस जात नाही. आमच्यात ज्याचं झाड त्याची जमीन."

कृष्णनाथ सरळ रेगुलोकडेच गेला. आंब्याखाली बाकावर तिघे बसले: रेगुलो, तो आणि मध्ये बोलणं फिरवायला आबिलियु. आंशा थोडी लांब, जमिनीवर.

कृष्णनाथला भांडायचं नव्हतं. त्याने आपल्या गावाची गोष्ट सांगितली. मयेची बरीचशी जमीन एका पोर्तुगीज जमीनदाराची होती. एकसष्टमध्ये गोवा मुक्त झाला, जमीनदार निघून गेला, आणि सरकारने त्याची जमीन ताब्यात ठेवली. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत होते, शेत करत होते. पण पायाखालच्या जमिनीचा कागद कुणाकडे नाही. अशी पन्नास वर्षं गेली. काहींना आत्ता कुठे कागद मिळायला लागले.

"माझ्या बापाने त्या जमिनीत माड लावले," तो म्हणाला. "भीत भीत लावले. पण लावले नसते, तर आम्ही खाल्लं काय असतं?"

रेगुलोनेच उलट विचारलं, "तो जमीनदार परत आला?"

"नाही."

"मग तुझी गोष्ट वेगळी. तुमच्याकडे मालक गेला आणि माणसं राहिली. इथे मालक मी आहे, आणि मी कुठे गेलेलो नाही." त्याने नव्या वस्तीकडे हात केला. "ही माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या गावाने आपल्या घरातलं पीठ त्यांना दिलं. पण ती मोजता येणार नाहीत इतकी आहेत. आज मी झाडं लावू दिली आणि वीस वर्षांनी माझ्या नातवाला शेत हवं झालं, तर त्याने कुणाला विचारायचं? हिच्या नातींना?"

इथे येईपर्यंत कृष्णनाथने हा प्रश्न एकाच बाजूने बघितला होता.

तेवढ्यात आंशा लांबूनच काहीतरी बोलली. आबिलियु हसला. "ती विचारते, सावलीचं झाड चालेल का? फळाचं नाही, अंगणात एक, नुसतं सावलीसाठी."

"कुठलं झाड?" रेगुलोने विचारलं.

आंशाने कंबरेच्या गाठीवर हात ठेवला. रेगुलोला ते दिसलं. त्याने आकाशाकडे बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "अंगणात एक. सावलीसाठी."

पहिल्या पावसानंतर बऱ्याच अंगणांत एकेक सावलीचं झाड उगवून आलं.

पाऊस जोराचा झाला आणि चराने आपलं काम चोख केलं. वरून येणारं पाणी वळून नदीला गेलं, नव्या वस्तीतली एकही झोपडी वाहिली नाही. लोक कृष्णनाथशी हात मिळवायला यायचे. मुलं त्या चराला 'किश्ना' म्हणायला लागली. त्याला मनातून फार बरं वाटलं. सुमंगलाला त्याने दोनदा सांगितलं.

फेब्रुवारीत मात्र एक शब्द त्याच्या कानावर वारंवार पडायला लागला. फ्रोंतैरा. बायका भांडताना चराकडे हात करून म्हणत, पोरं खेळताना म्हणत. त्याच्या साठ शब्दांत तो नव्हता. घरातल्या वस्तूंशी जुळणारा नव्हता.

"फ्रोंतैरा म्हणजे काय रे?" त्याने विचारलं.

"सरहद्द," आबिलियु म्हणाला.

कृष्णनाथ चराच्या काठाने चालत गेला. हातपंप जुन्या गावाच्या बाजूला. नव्या वस्तीतल्या बायका आधी एका फळीवरून पलीकडे पाण्याला जायच्या. पंपावर रांग वाढली, कुरकुर झाली आणि एका सकाळी फळी गायब. दोन दिवसांनी परत आली, परत गायब. आता बायका डोक्यावर बालदी घेऊन पार नदीपर्यंत वळसा घालत होत्या. जुन्या गावची पोरं चराच्या त्या काठावर उभी राहून या काठावरच्या पोरांना 'पलीकडचे' म्हणत होती, आणि ही पोरं त्यांना तेच म्हणत होती. सात-आठ महिन्यांपूर्वी इथे मोकळी जमीन होती. बाजू नव्हत्याच. त्या त्याने खणल्या होत्या.

त्या आठवड्यात त्याला नीट जेवण गेलं नाही. सुमंगलाने फोनवरून ओळखलं. "काय झालां?"

त्याने सांगितलं.

"तुमी पाण्यासाठीच खणलात मां?"

"होय गो. पण तो नुसतो पाणीच अडवता असा नाय."

"मग बुजवा."

"बुजवला तर घरं वाहतील."

"सगळो कित्याक बुजवतात? जाय तितकोच बुजवा."

खाणीच्या भंगारात मोठाले लोखंडी पाइप पडले होते. कृष्णनाथने साहेबांकडून तीन मागून घेतले. रेगुलोची परवानगी काढली. रविवारी मशीन आली आणि दोन्ही काठांवर माणसं गोळा झाली. चरात पाण्याच्या दिशेने पाइप टाकायचा, पाणी त्यातून जाईल, वर माती घालून दाबायची, झाली वाट. जुन्या गावातला एकजण पुढे येऊन भांडायला लागला: वाट झाली की यांच्या शेळ्या माझ्या शेतात येतील. मग वीस माणसं एकदम बोलायला लागली. शेवटी ठरलं की त्याच्या शेतासमोरची वाट पन्नास पावलं खाली सरकवायची.

पहिली वाट झाली तेव्हा आंशा त्यावर चालून आली, मान हलवून म्हणाली, अरुंद आहे.

"दोन माणसं जातील की," कृष्णनाथ म्हणाला.

"डोक्यावर पाणी घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या, तर एकीला मागे जावं लागेल. कुणी जायचं यावरून भांडण होईल."

त्याने वाट दुपटीने रुंद केली. तिन्ही वाटा केल्या तशाच.

त्यानंतर भांडणं थांबली, असं नाही. पण पंपावर जाण्याच्या पाळ्या दोन्हीकडच्या बायकांनी मिळून लावल्या, आणि शिंप्याने आपलं मशीन मधल्या वाटेच्या तोंडाशी हलवलं, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं मिळतं. कृष्णनाथने ते बघितलं आणि त्याला शिंप्याचं कौतुक वाटलं.

मार्चच्या शेवटी उत्तरेकडच्या पाल्मा शहरावर मोठा हल्ला झाला. परदेशी कामगारही मारले गेले. खाणीवर सूचना आली: बाहेरच्या देशांतल्या सगळ्यांनी निघायचं. तीन तासांत. आंशाचा निरोप घेता आला नाही. आबिलियु गाडीपर्यंत आला, खिशातून पाना काढून म्हणाला, "चावी, चावी," मयेच्या उच्चारात. दोघेही हसले आणि गाडी निघाली.

कृष्णनाथ गोव्यात परतला. आईने त्याला बघून एवढंच म्हटलं, "बारीक झालास मरे." पेडण्यात विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं होतं, तिथे त्याला मशीन मिळाली. रोज मये ते पेडणे. आबिलियुचे आवाजी निरोप मात्र येत राहिले, आणि कृष्णनाथचे प्रश्न जात राहिले.

तिकडे दुसऱ्या देशांचं सैन्य आलं, किनारा बराचसा मोकळा झाला. वस्तीतली निम्मी माणसं परत गेली. जाळं घेऊन आलेला कोळी सगळ्यात आधी. शिंपी गेला नाही. आंशा गेली, एकटी, बघायला. घर जळालं होतं. सतरांपैकी अकरा झाडं उभी होती, पण त्यांच्याखाली कमरेएवढं गवत, आणि वेचायला गावात माणूस नाही. ती तिथे छप्पर घालून राहिली आणि पावसाळ्यात परत आली, कारण मुलीने इथे वस्तीवर दुसरं लग्न केलं होतं, रेगुलोच्या गावातल्या माणसाशी. नातींना आता किनाऱ्याची भाषा समजते, पण उत्तर देतात त्या इथल्या भाषेत. आंशाने दोन्हीकडे चूल ठेवली. काजूच्या दिवसांत तिकडे, पेरणीच्या दिवसांत इकडे. "आता अशी खूप घरं झाली आहेत," आबिलियु म्हणाला. "विचारलं गाव कुठलं, तर लोक आधी महिना विचारतात."

कृष्णनाथने हे जेवताना सुमंगलाला सांगितलं. ती म्हणाली, "माजां पण तसांच असा. दोडामार्गाक गेलंय की मये आठवता."

मग दोन हजार चोवीसच्या सुरुवातीला हल्ले पुन्हा दक्षिणेकडे सरकले आणि त्याच रस्त्याने पुन्हा माणसं चालत आली. काहीजण तर दुसऱ्यांदा पळत होते. रेगुलोने बैठक बोलावली: यांना कुठे बसवायचं आणि काय लावू द्यायचं. या वेळी बाकावर त्याच्या शेजारी आंशाला बसवलं होतं.

आबिलियुचा हा निरोप आला तेव्हा कृष्णनाथ पेडण्याच्या कामावर होता. जेवणाची सुट्टी होती. त्याने ताबडतोब विचारून पाठवलं, "आंशा काय म्हणाली? झाडं लावू द्या म्हणाली ना?"

उत्तर यायला अर्धा तास लागला. "नाही," आबिलियु सांगत होता. "पहिलं वर्ष भुईमूग, म्हणाली. झाडाचं मग बघू. रेगुलोपेक्षा तीच कडक आहे."

कृष्णनाथला धक्काच बसला. त्याने लिहिलं, "का? तिला विचार. नक्की विचार."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला निरोप आला. या वेळी आवाज आंशाचाच होता, तिच्याच भाषेत, मागून कोंबड्यांचा कालवा. 'किश्ना' सोडून त्यातला एकही शब्द त्याला कळला नाही. खाली आबिलियुने अर्थ दिला होता. आंशा म्हणते, आलेल्या माणसाला पहिलं वर्षभर आपण राहणार की जाणार हे स्वतःलाच ठाऊक नसतं. त्याला तेवढा वेळ द्यावा. आणि म्हणते, किश्नाला सांग, चर लांबवायला लागणार आहे. वाटा किती ठेवायच्या ते त्याने आधीच सांगावं.

कृष्णनाथने निरोप आणखी एकदा लावला आणि तिचा आवाज ऐकला. मग वहीचं एक पान फाडून घेतलं, पोकलेनच्या पट्ट्यावर ठेवलं आणि जमिनीचा उतार कोणीकडे, हातपंप किती, जुनी घरं कुठपर्यंत आली आहेत, असे एकामागून एक प्रश्न लिहायला बसला.